‘द स्टँड’वर मंडळात दोन तट पडले की चर्चा कशी चालवावी

‘द स्टँड’ वाचन मंडळात घेतली की तट पडणार, हे धरूनच चाला. एक जण म्हणेल, यापेक्षा मोठं काही वाचलंच नाही. दुसरा म्हणेल, साथीचा भाग तेवढा जबरदस्त, पुढं नुसतं पाणी वाढवलंय. तिसऱ्याला मधला भाग आवडलेला असतो आणि शेवटावर तो मनापासून चिडलेला असतो. आणि कुणीतरी पुस्तक अर्ध्यात ठेवलेलं असतं, पण ते सांगायला संकोचत असतं. स्टीफन किंगच्या या कादंबरीवर १९७८ पासून वाचक असेच भांडत आलेत. लातुरात वेगळं होण्याचं काही कारण नाही.

मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. रविवारी संध्याकाळी आमचं छोटं वाचन मंडळ बसतं. मार्केट यार्डात आडत असलेले एक भाऊ, सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, निवृत्त ग्रामसेवक काका, इंजिनिअरिंग करून कीर्तनाकडे वळलेले एक तरुण महाराज, उदगीरचे एक वकीलसाहेब, आणि नीटची तयारी सोडून बीएला आलेली माझी एक विद्यार्थिनी. एरवी ही माणसं एका सतरंजीवर बसायचं कारण नाही. या कादंबरीवर ती भांडली आणि फार चांगली भांडली. असं भांडण नीट कसं होऊ द्यायचं, ते इथं लिहितेय.

माझं सगळं सांगणं एका नियमावर उभं आहे: मत ऐकलं की लगेच प्रकरण विचारा. या एका पुस्तकात निदान तीन कादंबऱ्या आहेत, आणि हमरीतुमरीवर आलेली दोन माणसं बहुतेक वेळा दोन वेगळ्या कादंबऱ्यांबद्दल बोलत असतात.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवटासकट. लष्कराच्या गुप्त प्रयोगशाळेतून फ्लूचा एक विषाणू सुटतो. लोक त्याला ‘कॅप्टन ट्रिप्स’ म्हणतात. शंभरातली नव्याण्णवहून जास्त माणसं मरतात. कादंबरीतला आकडा ९९.४ टक्के. उरलेल्यांना स्वप्नं पडायला लागतात. काहींच्या स्वप्नात नेब्रास्कातल्या मक्याच्या शेताजवळ राहणारी १०८ वर्षांची मदर अ‍ॅबगेल येते, काहींच्या स्वप्नात रँडल फ्लॅग नावाचा काळोखा माणूस. एक गट कोलोरॅडोतल्या बोल्डरला जमतो, दुसरा लास व्हेगासला. बोल्डरचे चौघे जण म्हातारीच्या सांगण्यावरून हत्याराशिवाय, पायी, पश्चिमेला निघतात. शेवटी व्हेगासमध्ये अणुस्फोट होतो आणि फ्लॅगचं राज्य संपतं. साथ, नवं गाव वसवणं आणि देव-सैतानाचा सामना, या त्या तीन कादंबऱ्या.

आधी आवृत्ती विचारा

चर्चेच्या आधी प्रत्येकाच्या हातातली प्रत बघा. पहिली आवृत्ती १९७८ ची, ८२३ पानांची. प्रकाशकाला पुस्तकाची किंमत एका मर्यादेत ठेवायची होती, म्हणून हस्तलिखितातली सुमारे चारशे पानं काढावी लागली आणि ती किंगने स्वतः काढली. १९९० मध्ये बरंचसं परत घालून मोठी आवृत्ती आली, ती साडेअकराशे पानांच्या आसपास जाते. काळही बदलला: पहिल्या आवृत्तीत साथ १९८० मध्ये येते, मोठ्या आवृत्तीत १९९० मध्ये.

हे आधी सांगितलं नाही तर अर्धी चर्चा वाया जाते. ‘द किड’ नावाच्या विकृत पोराचा लांबलचक प्रवास जवळजवळ सगळा मोठ्या आवृत्तीतच आहे. शेवटच्या स्फोटानंतर फ्लॅग एका किनाऱ्यावर जागा होतो, ते पानही १९९० चंच. ज्याने छोटी प्रत वाचली त्याच्या लेखी सैतान संपला, ज्याने मोठी वाचली त्याच्या लेखी तो पुन्हा उठला. आता या दोघांनी शेवटाबद्दल काय भांडायचं? शक्यतो सगळ्यांनी १९९० ची आवृत्तीच घ्या आणि पानांऐवजी प्रकरणांचे आकडे वापरा. कुणी मोबाईलवर वाचतं, कुणाकडे जुन्या बाजारातली प्रत असते, पानं कधीच जुळत नाहीत. मी खाली देतेय ते आकडेही मोठ्या आवृत्तीचे.

भाऊंची एक तक्रार होती की १९९० म्हणतात पण माणसं बोलतात-वागतात सत्तरच्या दशकासारखी. तक्रार रास्त आहे. वर्ष बदललं, पण मूळ कापड सत्तरच्या दशकातलंच राहिलं. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगून टाकली की त्यावर पुन्हा पुन्हा वेळ जात नाही.

फोन आधी करा

भयकादंबरी आहे, भीती वाटणारच, असं म्हणून मोकळं होऊ नका. पुस्तक वाटायच्या आधी प्रत्येकाला एकेकट्याने फोन करा. मंडळाच्या गटावर सरसकट सूचना टाकली तर ज्याला खरं सांगायचंय तो गप्प बसतो.

कोरोनाची दुसरी लाट आपल्याकडे कुणाच्या घरात काय करून गेली, ते आपल्याला वरून कळत नाही. या कादंबरीतली साथ खोकल्यापासून सुरू होते. आठवं प्रकरण म्हणजे नुसती साखळी आहे: महामार्गावरच्या पोलिसाकडून विमा विकणाऱ्याकडे, त्याच्याकडून हॉटेलापाशी रस्ता विचारणाऱ्या कुटुंबाकडे. कुणीच वाईट वागत नाही. फक्त हात मिळवतात, सुट्टे पैसे देतात, लेकराच्या गालाला हात लावतात. सिस्टरना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, ते प्रकरण मी वाचणार. पण त्याच्यावर बोलायला मला लावू नका.” तेवढं कळलं की चर्चा चालवणाऱ्याचं काम सोपं होतं. त्या दिवशी आठव्या प्रकरणाची फेरी त्यांच्यापर्यंत आली की पुढं सरकायची, कारण न सांगता.

न्यूयॉर्कमधून बाहेर पडताना लॅरी नावाचा गायक अंधारात लिंकन टनेलमधून चालत जातो, बंद पडलेल्या गाड्या आणि प्रेतं चाचपत. द किडच्या भागात लैंगिक अत्याचार आहे. या दोन्ही जागा आधी सांगा, आणि गाळल्या तरी चालतील असंही सांगा. आणि औसा, उमरगा, निलंगा या पट्ट्यातलं कुणी मंडळात असेल तर ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी भूकंपाची पहाट त्यांच्या घरात अजून आहे, हे लक्षात ठेवा. त्यांना हे पुस्तक नको, असं आपणच ठरवू नका. विचारा. आमच्या काकांनी काय केलं ते पुढं येईलच.

कधी सुरू करायचं, किती वाटून घ्यायचं

जूनच्या मध्याला सुरू करा. कादंबरीचा पहिला भाग १६ जून ते ४ जुलै असा चालतो. मृगाच्या पावसात खोकला-सर्दी घरोघरी असते तेव्हा तो वाचला की अंगावर येतो. शिवाय सोयाबीनची काढणी लागली की मार्केट यार्डातला माणूस तुमच्याकडे फिरकत नाही, आणि दिवाळीनंतर लग्नं.

पहिला भाग ४२ प्रकरणांचा, दुसरा ४३ ते ६०, तिसरा ६१ ते ७८. पहिल्याला दोन बैठका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि मदर अ‍ॅबगेलसाठी एक वेगळी. दोन बैठकांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. पहिल्या भागात पात्रं एकामागून एक येत राहतात आणि नव्या वाचकाचा धीर तिथंच सुटतो. एका कागदावर सात-आठ नावं मराठीत लिहून द्या: टेक्सासचा स्टू, बाळंतपणाच्या वाटेवरची फ्रॅन, गायक लॅरी, मुकाबहिरा निक, फ्रॅनवर डोळा असलेला हॅरल्ड, फ्लॅगचा उजवा हात लॉईड, आगीचा वेडा ट्रॅशकॅन मॅन. हा कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवायचा.

लांबीवर कुणी कुरकुर केली तर ऐकून घ्या, समर्थन करू नका. महाराज मात्र राहवेना म्हणून बोलले: आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या सांगतात, तिथं साडेअकराशे पानांचं काय. भाऊंचं उत्तर तयार होतं. दासोपंतांनी कुणाला रविवारपर्यंत वाचून या म्हटलं नव्हतं. दोघांचंही खरं आहे.

इंग्रजी जड जाणाऱ्याला जोडीदार द्या. काका आणि माझी विद्यार्थिनी अशी जोडी झाली. ती मोठ्याने वाचायची, अडलं तिथं मराठीत सांगायची. याचा एक फायदा मला आधी दिसला नव्हता. जोडीने वाचणारे दोघं बैठकीला येतात तेव्हा त्यांचं निम्मं भांडण घरीच झालेलं असतं, त्यामुळं ते नेमकं बोलतात.

मत आलं की प्रकरण विचारा

आता मूळ नियम. कुणी “कंटाळवाणी आहे” म्हणालं की विचारा: कोणत्या प्रकरणात कंटाळा आला? “ग्रेट आहे” म्हणालं तरी तोच प्रश्न. उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला बोलू देऊ नका. पहिल्या वेळी माणसं चिडतात. दुसऱ्या बैठकीपासून पेन्सिलने खुणा करून येतात.

भाऊ म्हणाले होते, पहिल्या भागात नुसती भरती आहे. प्रकरण विचारल्यावर त्यांनी ३८ वं काढलं. या प्रकरणात मुख्य पात्रांपैकी कुणीच नाही. साथीतून वाचलेली माणसं नंतर साध्या कारणांनी कशी मरतात, त्याच्या लहान लहान नोंदी आहेत. एकीच्या हातात जुनं पिस्तूल फुटतं. एकाच्या पायात गंजका खिळा जातो. एक जण जनरेटर चालू करताना शॉक लागून जातो. “यांचा पुढं काही संबंध आहे का? नाही. मग कामून लिहिलंय?” भाऊंचा प्रश्न.

मी उत्तर दिलं नाही. काकांना म्हटलं, यातला एक तुकडा तुम्ही मराठीत सांगा. त्यांनी साडेपाच वर्षांच्या पोराचा तुकडा घेतला. घरचे सगळे गेलेत. पोरगं एकटंच रानात रानमेवा वेचत फिरतंय. जुन्या पडक्या विहिरीत पडतं, दोन्ही पाय मोडतात. मारायला साथ नाही, फ्लॅग नाही, कुणीच नाही. वर यायला शिडी नाही आणि हाक ऐकायला माणूस नाही, एवढंच. काकांनी हे अगदी पंचनाम्याच्या सुरात सांगितलं. कठडा नसलेली विहीर आणि उघडी बोअर आमच्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सगळे गप्प झाले.

मग भाऊ बोलले ते मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणाले, “मला अजूनही हे प्रकरण गोष्टीत नको. पण आता एक कळलं, मला भुताची भीती पाहिजे होती, आणि हा दुसरीच भीती दाखवायलाय.” त्यांचं मत बदललं नाही, आणि बदलावं अशी माझी इच्छाही नव्हती. पण इतका वेळ “भरती” या शब्दावर जे अडलं होतं ते आता या प्रश्नावर आलं: या कादंबरीतलं खरं भय कुठं आहे? त्या काळोख्या माणसात की माणूस उरला नाही यात? या प्रश्नावर दोन्ही तटांना बोलता येतं. प्रकरण विचारल्याशिवाय तिथं पोचता येत नाही.

मधला भाग, जिथं पुस्तकं बंद होतात

सगळ्यात जास्त माणसं दुसऱ्या भागात गळतात. बोल्डरला लोक जमल्यावर किंग समिती नेमतो. ठराव येतात, इतिवृत्त येतं, कोण सूचक, कोण अनुमोदक. प्रेतं उचलायची कुणी, वीज कधी येणार, कायदा कोण राखणार. भयकादंबरी म्हणून घेतलेल्या वाचकाला वाटतं, ग्रामसभा चालू झाली. माझी विद्यार्थिनी इथंच थांबली होती. तिने सरळ सांगितलं, “मॅडम, मिनिट्स वाचायला मी कादंबरी घेत नाही.”

अर्ध्यात थांबलेल्या वाचकाला मान द्या. कुठं थांबलीस, हे लिहून घ्या. तीही एक टीका आहे आणि तिलाही प्रकरणाचा आकडा असतो.

या भागाची बाजू काकांनी घेतली. त्यांची नोकरीतली बरीच वर्षं किल्लारीच्या आसपासच्या गावांत गेली. भूकंपानंतर ते त्या कामावर होते. ते असं म्हणाले: “पहिल्या दिवशी माणूस रडतो. दुसऱ्या दिवशी पाऊस चालू, आणि प्रश्न एकच, लाकूड कुठून आणायचं. तिसऱ्या दिवशी वास. मग यादी. कोण गेलं, कोण दवाखान्यात, कोण पाहुण्याकडं गेलं होतं म्हणून वाचलं. यादी करणारा माणूस लागतो. या पुस्तकात तो माणूस मला पहिल्यांदा दिसला.” बोल्डरमध्ये घराघरांतून प्रेतं बाहेर काढणारी जी तुकडी आहे, तिच्यावरची पानं त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्याने वसवावी लागली, तेव्हा जागेवरून, घरांच्या वाटपावरून, शेजार कुणाचा यावरून सभांमध्ये काय काय झालं, ते त्यांनी सांगितलं. ते ऐकल्यावर बोल्डरच्या सभा मलाही वेगळ्या वाचता आल्या.

पण चर्चा चालवणाऱ्याने इथं एक सांभाळायचं. ज्याने भोगलंय त्याचं बोलणं आलं की बाकीचे मान खाली घालतात आणि वाद संपतो. वाद संपू देऊ नका. मी पोरीला विचारलं, काकांचं पटलं का? ती म्हणाली, काकांचं बोलणं पटलं, पण ते काकांनी सांगितलं म्हणून. किंगने तसं लिहिलंय का? सभेतला तो कंटाळा दाखवायला वाचकालाही तेवढंच कंटाळवायला पाहिजे का? प्रश्न धारदार आहे, आणि काकांनाच तो सगळ्यात जास्त आवडला. त्यावरच बराच वेळ बोलणं झालं. सिस्टरनी मध्येच एक टाचणी टोचली: “विजेवर एवढी पानं, आणि पाण्यावर? लातूरच्या माणसाने लिहिली असती तर उलटं झालं असतं.” एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी टाक्यांजवळ जमावबंदी लागू झाली होती. हे सगळं आमच्यातल्या प्रत्येकाने पाहिलंय. पाण्याच्या रांगेत माणसं कशी वागतात हे ज्याने पाहिलंय, त्याला बोल्डरची माणसं जरा जास्तच शहाणी वाटतात. ही टीका मी एरवी कुठं वाचली नव्हती. तुमच्या गावाची अशी काही टीका असेलच, ती बाहेर येऊ द्या.

शेवट: दोन्ही बाजूंना उलट्या बाकावर बसवा

शेवटावर भांडण ठरलेलं. व्हेगासमध्ये चौघांपैकी लॅरी आणि राल्फला भर गर्दीत मारायची तयारी झालेली असते, ट्रॅशकॅन मॅन अणुबॉम्ब ओढत घेऊन येतो, आकाशातला प्रकाशाचा गोळा हातासारखा दिसायला लागतो, आणि राल्फ ओरडतो की हा देवाचा हात आहे. हजार पानं ज्याची वाट पाहिली तो सामना वरूनच उरकला, ही एका तटाची तक्रार. आमच्याकडे सिस्टर या तटाच्या म्होरक्या. “पेशंट आम्ही वाचवायचा आणि नारळ मंदिरात फुटायचा,” असं त्या म्हणाल्या. दुसरीकडे महाराज. त्यांना हा शेवट अगदी सरळ वाटला.

इथं मी एक युक्ती वापरते: दोन्ही बाजूंनी समोरच्याची बाजू मांडायची, आणि समोरचा “हो, मला हेच म्हणायचं होतं” म्हणेपर्यंत सोडायचं नाही. महाराजांना सिस्टरची तक्रार मांडावी लागली. त्यासाठी त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचला आणि त्यांच्या हाती वेगळंच लागलं. तो प्रकाशाचा गोळा मुळात फ्लॅगनेच सोडलेला असतो, त्याच्याच एका माणसाला मारायला. बॉम्ब आणतो तोही फ्लॅगचाच भक्त. मग देवाने काय केलं? महाराज म्हणाले, सिस्टर म्हणतात तेवढं देवाने केलेलंच नाही, पापाने स्वतःचं सरण स्वतःच रचलं.

आणि सिस्टरना महाराजांची बाजू मांडायची होती, म्हणून त्यांना विचार करावा लागला की चौघे तिथं गेलेच नसते तर काय झालं असतं. फ्लॅगच्या गर्दीतला व्हिटनी नावाचा स्वयंपाकी सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो की हे चुकीचं चाललंय. त्याला गप्प करायला तो गोळा सुटतो. चौघे गेले नसते तर व्हिटनीला बोलायला प्रसंगच आला नसता. सिस्टर शेवटी एवढं म्हणाल्या, “मला हात अजून पटत नाही. व्हिटनी पटला.”

लेखनाची हकीकत नंतर सांगा, आधी नाही. किंगने २००० सालच्या ‘ऑन रायटिंग’मध्ये लिहिलंय की पाचशेहून जास्त पानं झाल्यावर तो अडकला होता, पुढं काय ते सुचेना. आठवडेच्या आठवडे तो नुसता चालायला जायचा. बोल्डरच्या समितीच्या बैठकीत बॉम्ब फोडायचा, हे त्याला तेव्हा सुचलं आणि गाडी सुटली. हे आधी सांगितलं की लोक त्याच चष्म्यातून वाचतात आणि “बघा, त्यालाच सुचत नव्हतं” इथंच चर्चा थांबते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर सांगितलं तर ती एक जास्तीची माहिती राहते.

मदर अ‍ॅबगेलसाठी वेगळा रविवार

हा विषय शेवटाच्या बैठकीत घुसवू नका, तो तिथं चिरडला जातो. महाराजांना म्हातारीत जनाबाई दिसली. गंगाखेडची जनी, कष्ट करता करता देवाशी बोलणारी. ते फार सुंदर बोलले. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं: “ही म्हातारी काळी आहे, गरीब आहे, पवित्र आहे. ठीक. पण तिला स्वतःसाठी काय पाहिजे? ती गोऱ्यांना वाट दाखवते आणि मरते. आपल्याकडच्या गोष्टींत गावकुसाबाहेरची म्हातारी अशीच येते, नायकाला आशीर्वाद द्यायला.” अमेरिकन समीक्षेतही ही टीका जुनी आहे. वकीलसाहेबांनी ती गावकुसाच्या बाजूने केली म्हणून ती आमच्या बैठकीला जास्त लागली.

इथंही प्रकरण विचारा. ४५ वं उघडा. म्हातारीचं आयुष्य, तिचा बाप, जमीन, गिटार घेऊन गोऱ्यांसमोर गायलेली संध्याकाळ, सगळं तिथं आहे. महाराज म्हणाले, हे घ्या तिचं आयुष्य. वकीलसाहेब म्हणाले, एका प्रकरणात दिलं आणि पुढं काढून घेतलं. दोघांच्या हातात तेच पान होतं. मी दोघांपैकी वकीलसाहेबांच्या बाजूची आहे आणि ते मी सांगितलं, पण सगळ्यांचं झाल्यावर. चर्चा चालवणाऱ्याने मत लपवू नये, फक्त ते शेवटी सांगावं.

याच बैठकीत आणखी एक प्रश्न आला: बाकीच्या जगाचं काय? स्टार्की नावाचा अधिकारी विषाणू इतर देशांतही सोडायचा आदेश देतो, तेवढ्यात जग आटोपतं. भाऊ म्हणाले, म्हणजे आपण एका ओळीत मेलो. त्यावर कुणाला फार बोलायचं नव्हतं, मीही ताणलं नाही.

गुण देऊ नका, नोंद करा

शेवटी पाचपैकी किती तारे, हात वर करा, असलं काही करू नका. आम्ही एक वही ठेवली आहे. प्रत्येकाने एक वाक्य आणि एका प्रकरणाचा आकडा लिहायचा. ज्याने पूर्ण केली नाही त्याने थांबल्याचा आकडा. ही वही पुढच्या जाडजूड पुस्तकाच्या वेळी कामाला येते, कारण कुणाला कुठं दम लागतो ते त्यातून कळतं.

मालिका पाहायची तर पुस्तकानंतर. १९९४ ची चार भागांची आहे, तिची पटकथा किंगचीच. २०२० ची नऊ भागांची. पोरीची दुसरी तक्रार फ्रॅनबद्दल होती: पहिल्या भागात बापाला स्वतःच्या हाताने पुरणारी बाई तिसऱ्या भागात नुसती पोटूशी बसून वाट बघते, आणि चालत जातात ते चौघेही पुरुष. वही पाहिली तर या तक्रारीवर आमचे दोन्ही तट एक झालेत. २०२० च्या मालिकेचा शेवटचा भाग किंगने स्वतः लिहिला आणि त्यात फ्रॅनला फ्लॅगसमोर एकटीला उभं केलं. तो भाग आम्ही सगळ्यात शेवटी, वही भरून झाल्यावर पाहिला. त्यातही एक विहीर आहे. पोरगी आता ४३ व्या प्रकरणापासून पुन्हा वाचायलीय, काका सोबत आहेत.